पाचवा काप

एका टोकाला काडेपेटीतल्या काडीएवढी जाड, आणि दुसऱ्या टोकाला… दुसरं टोक असं नव्हतंच, लाकूड पातळ होत होत नुसतं संपलं होतं, बोटाने चाचपत गेलं तर शेवटी नखात रुतेल इतकी बारीक धार आणि मग काही नाही. त्याने ती शिलका, कापातून उरलेली ती ढलपी, खिडकीच्या उजेडात धरली तर ती थरथरायला लागली. म्हणजे हात थरथरत होता, शिलकेला काय झालंय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, निमुळती. त्याला हव्या होत्या त्या दोन्ही टोकांना सारख्या. सारख्या जाडीच्या चार चिपा, बस, सकाळपासून एवढंच मागणं होतं त्याचं जगाकडे, आणि जळणाच्या गोणीत हात घातला तर हे भलतंच हाताला लागलं होतं. ती बाजूला टाकून त्याने पुन्हा हात घातला. दुसरीही तशीच निघाली. तिसरीसुद्धा.

"काय शोधताय?" मागच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. काचकागदाची खरखर थांबली होती.

"काही नाही गं. तुझं चालू दे."

तिचं चालू झालं. खर्र… खर्र… एका लयीत, मध्येच फुंकर, पुन्हा खर्र. तीस वर्षं ह्या आवाजाच्या आधाराने त्याने काम केलं होतं आणि आज तो आवाज बंद पडावा असं त्याला वाटत होतं, कारण आवाज चालू असला की ती आहे, आणि ती असली की ती कुठल्याही क्षणी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहील आणि विचारील, हे काय करताय? आणि मग सांगावं लागेल.

करत होता ते तसं साधंच होतं. विजेवरच्या करवतीच्या टेबलावर पात्याच्या दोन अंगांना दोन खाचा असतात. त्या खाचांतून सरकतील अशा दोन पट्ट्या, त्यांवर चिकटवलेली प्लायवूडची पाटी, पाटीवर पुढे एक आणि मागे एक आडवी पट्टी. मागची मात्र पात्याशी अगदी काटकोनात. झालं. लाकूड मागच्या पट्टीला टेकवायचं आणि अख्खी पाटीच पुढे ढकलायची. मग हात थरथरो, माणूस थरथरो, नाहीतर वरून छप्पर पडो, काप सरळच येणार, कारण सरळपणा हातात नसतो, पाटीत असतो. उस्तादांकडे तो शिकायला होता तेव्हा नवशिक्यांसाठी अशी एक पाटी होती, आणि तिला सगळे पांगुळगाडा म्हणायचे. त्याने ती तीन आठवड्यांत सोडली होती. चौथ्या आठवड्यात उस्तादांनी त्याचा नुसत्या हाताने मारलेला काप गुण्याला, काटकोन तपासायच्या लोखंडी कोनाला, लावून बघितला, गुण्या आणि लाकडाच्या मधून उजेड येतो का ते एक डोळा मिटून पाहिलं, आणि काही न बोलता लाकूड परत दिलं. उस्ताद काही बोलले नाहीत म्हणजे केवढं मोठं झालं हे त्याला तेव्हा समजलं होतं. आज वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो स्वतःसाठी पांगुळगाडा बनवत होता.

आणि ठोकळा लावायचा नव्हता. ते त्याने कालच ठरवलं होतं. उस्तादांच्या पाटीला मागच्या बाजूने, जिथे काप पुरा झाला की पातं पट्टीतून बाहेर डोकावतं तिथे, एक जाड ठोकळा असे, अंगठ्याला आडोसा म्हणून. पोरांचे अंगठे नेमके तिथेच असायचे. पण पातं कुठे बाहेर येतं हे मला कुणी शिकवायला नको. थरथरतो तो हात, डोकं नाही थरथरत. एवढी लाज तरी राखू दे की.

डॉक्टरणीने आजाराचं नाव सांगितलं होतं. ते त्याने मुद्दाम पाठ केलं नव्हतं. "हे वाढत जातं," ती म्हणाली होती, "थांबवता नाही येत, लांबवता येतं. काम काय करता तुम्ही?" सुतार, असं त्याने सांगितल्यावर ती खाली मान घालून कागदावर लिहायला लागली, आणि दोन गोळ्यांची नावं लिहायला लागावा त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लिहीत राहिली. मग विचारलं, कधीपासून होतंय? दोन महिने, तो म्हणाला. चहाच्या दुकानात बशी वाजायला लागली आणि शेजारच्या मित्राने, निवृत्त पोस्टमनने, थट्टा केली, काय रे, थंडी वाजते का, तेव्हापासून… घरी सांगितलंय, डॉक्टरणीने विचारलं. सांगेन. त्यालाही आता आठवडा होऊन गेला. गोळ्या दीड इंची स्क्रूच्या डब्यात स्क्रूंच्या खाली होत्या. सांगायचं तर होतंच, पण नुसतं कसं सांगायचं? पाटी तयार असती म्हणजे एका दमात सांगता आलं असतं, हे असं असं आहे, पण घाबरू नकोस, हे बघ, काप सरळ येतोय, दुकान चालतंय, मी अजून सुतारच आहे. पाटीशिवाय सांगायचं म्हणजे पहिलं अर्धं वाक्यच तेवढं सांगायचं.

शेवटी चिपा मिळाल्याच नाहीत. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे करून त्याने ते खाचांत घातले, त्यांवर पट्ट्या ठेवल्या. पट्ट्या टेबलाच्या वर केसभर उचललेल्या राहिल्या, म्हणजे डिंक पाटीलाच चिकटेल, टेबलाला नाही. डिंकाची रेघ ओढताना ती नागमोडी झाली. होईना का, खाली झाकली जाणार. पाटी वर ठेवली, गुण्या लावला, वजन म्हणून दोन जुन्या विटा ठेवल्या आणि तो स्टुलावर बसला. आता अर्धा तास काही करायचं नव्हतं. अर्धा तास काही करायचं नसणं त्याला हल्ली चालत नसे, हात मोकळे राहिले की ते स्वतःच काहीतरी करायला लागतात. त्याने ते मांड्यांखाली दाबले. समोर टेबलाच्या कडेला मघाच्या तीन शिलका पडल्या होत्या.

तो बघत राहिला.

ह्या कसल्या?

लाकूड एकदाच कापायचं, असं उस्तादांचं होतं आणि म्हणून त्याचंही. माप दोनदा घे, तीनदा घे, रात्रभर घेत बस, काप एक. नंतर छाटत बसणाऱ्याला त्याने आयुष्यात कधी भीक घातली नव्हती. मग एका टोकाला काडीएवढी आणि दुसऱ्या टोकाला शून्य अशी शिलका ह्या दुकानात पडतेच कशाला? ती एकाच कामात पडते. आधी कुणीतरी तिरका काप मारलेला असतो, आणि मागाहून कुणीतरी तो सरळ करतं. वाया गेलेलं तेवढं तिरकेपण छाटून टाकतं. त्याने उठून गोणी ओढली, धरली तळाशी आणि जमिनीवर उपडी केली. भुशाचा लोट उठला. मागची खरखर एक क्षण थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

गोणी वर्षभर कुणी रिकामी केली नव्हती. बेकरीवाला न्यायचा, त्याने विजेची भट्टी घेतल्यापासून येणं सोडलं होतं. त्यामुळे वरचं ह्या महिन्याचं, खालचं गेल्या वर्षीचं, आता उपडी झाल्यावर गेल्या वर्षीचं वर. पाइनच्या शिलका सगळ्यांत वर आल्या. पाइन म्हणजे बालवाडीची बाकं. म्हणजे अकरा महिने. त्याने एक उचलली. तिच्या अंगावर करपल्याचा काळा पट्टा होता. दुसरीवर दोन. हे तर कुठल्याही सुताराला आंधळेपणी वाचता येतं: ढकलणारा मध्येच थबकला, पातं फिरत राहिलं आणि लाकूड भाजलं. भ्यालेला हात. नवा हात. त्याच्या खाली बीचचं लाकूड, त्याच्या खाली अक्रोडाचं, आणि अक्रोडावर काळं जवळजवळ नाहीच, एखाद्याच ठिकाणी तपकिरी सावली. आणि सगळ्यांत खाली, म्हणजे सगळ्यांत अलीकडे, ह्याच महिन्यातल्या डायनिंग टेबलाच्या शिलका: स्वच्छ. एका दमात ढकललेल्या. चांगल्या सुताराच्या.

ह्या दुकानात माणसं दोन. त्यातला एक मी.

पहिल्यांदा वाटला तो राग, चांगला सणकून राग, कान तापवणारा. मशीनला हात लावायचा नाही हा ह्या घरातला एकमेव नियम होता! लग्न होऊन ती दुकानात यायला लागली त्या पहिल्या दिवशी त्याने तिला सांगितलं होतं, दहा बोटं घेऊन आलीस, दहाच घेऊन राहायचं, आणि ती हसली होती. तो कापायचा, ती जोडायची. तुकडे तिच्याकडे जायचे, डिंक, तुकडे आवळून धरणारे शिकंजे, घासणं, पॉलिश सगळं तिचं. जोडणारीला फट आधी दिसते. साहजिक आहे. कापणाऱ्याला वाटतं आपण कापलं आणि संपलं; फट दिसते ती जोडायला बसलेल्याला. मग त्या फटीचं काय करायचं? येऊन सांगायचं, अहो, तिरकं येतंय. एवढं एक वाक्य. ते नाही बोलायचं, मूग गिळून बसायचं, आणि मी चारला चहाला गेलो की…

चार ते पाच. रोज. तीस वर्षं न चुकता.

म्हणजे तो पोस्टमनशी राजकारणावर वाद घालत बसायचा तेव्हा ती इथे, ह्या टेबलाशी, उघड्या हाताने, त्याला कधी बघून बघून जे काही उचललं असेल तेवढ्याच्या बळावर… राग कुठल्या कुठे गेला. अक्रोडाच्या वेळी तिच्या डाव्या अंगठ्याला तीन आठवडे पट्टी होती. सुरी लागली म्हणाली, कांदा चिरताना. आणि मी काय म्हणालो होतो? मी म्हणालो होतो, तीस वर्षं चिरतेस, अजून सुरी धरता येईना? वर हसलो होतो. तीही हसली होती.

अक्रोड म्हणजे घड्याळजीचं कपाट. चोवीस खण, एकेक तळहाताएवढा, सुटे भाग ठेवायला. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, खणांचे कोपरे एकेक करून बघितले आणि म्हणाला, "अहो, ह्यात केस नाही जायचा. हात आहे का काय आहे?" ते वाक्य त्याने चहाच्या दुकानात चार दिवस पुरवून पुरवून सांगितलं होतं. पाचव्या दिवशी पोस्टमन म्हणाला होता, आता पुरे, पाठ झालंय आम्हाला. खण प्रत्येकी अर्धं सूत लहान भरले होते, तेवढं एक त्याला खटकलं होतं, आणि त्यावरून तो तिच्यावर खेकसला होता, की घासायला बसलीस की तुला शुद्ध राहत नाही, माझं माप घालवलंस तू. तिने खाली बघितलं होतं. "घासलं गेलं असेल जास्त," म्हणाली होती.

तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. दुकानभर त्याने नजर फिरवली, काहीतरी नक्की आपलं असं शोधायला. लाकडी हातोडा त्याचा होता, पण तो बावीस वर्षांपूर्वीचा. दाराची चौकट त्याची होती. खिडकीखालचं कपाट… कधीचं? आठवेना. त्याला शेवटचं हवं होतं, शेवटचं, ज्याच्यानंतर तिरकं सुरू झालं. असा एक दिवस तर गेला असणारच. कुठल्यातरी बिनमहत्त्वाच्या मंगळवारी मी शेवटचा सरळ काप मारला असेल, आणि मला कळलंही नसेल, लाकडावरचा भुसा फुंकून हात झटकले असतील आणि चहाला गेलो असेन. कुणी सांगायला नको होतं का त्या दिवशी? थांब, हा नीट बघून घे, असं? डॉक्टरणीला तो म्हणाला होता दोन महिने. अकरा महिने बाई, अकरा, लिहून घ्या, गोणीत पुरावा आहे. माझ्या हाताचं माझ्या बायकोला माझ्याआधी नऊ महिने कळलं.

"चहा."

तो दचकला. ती दारात नव्हती, कप दारातल्या फळीवर ठेवून ती मागच्या मागे गेली होती. हल्ली ती तसंच करायची. सांडलेल्या गोणीकडे तिने बघितलं की नाही कोण जाणे. त्याने उठून कप उचलला. अर्धा भरलेला. कधीपासून ती अर्धाच कप देत होती आणि तो कुरकुरत होता, चहात कसली गं काटकसर, आणि ती म्हणायची, दोनदा घ्या ना, गरम राहतो. कप हातात थरथरला. चहा काठापर्यंत चढला, उतरला, सांडला नाही. सांडलाच नसता. तेवढा अंदाज घेऊनच भरला होता.

त्याने तो पिऊन टाकला, कारण दुसरं काय करणार.

मग गोणी भरली, सगळं परत आत, आणि पाटीकडे वळला, कारण डिंक वाळला होता आणि काम अर्ध्यावर टाकायची सवय नव्हती. आता मागची पट्टी. तिच्या एका टोकाला एकच स्क्रू, खुंटीसारखा. दुसरं टोक मोकळं, शिकंज्याने धरलेलं, म्हणजे केसभर पुढे-मागे करता येतं. गुण्याने ती लावली. पण गुण्यावर विश्वास ठेवून थांबायचं नसतं. एका कापातली चूक इतकी बारीक असते की डोळ्याला, गुण्याला, कुणालाच दिसत नाही, तिथल्या तिथे लपून बसते. तिला बाहेर काढायचं तर पाच काप मारायचे. चौकोनी फळी घ्यायची, एक बाजू कापायची, ती ताजी बाजू पट्टीला टेकवून दुसरी, ती टेकवून तिसरी, मग चौथी. प्रत्येक काप मागच्याच्या चुकीवर उभा. आणि पाचव्यांदा पहिलीच बाजू पुन्हा कापायची आणि जी पट्टी गळून पडते ती उचलून दोन्ही टोकांना मोजायची. लपलेली चूक तिथे चौपट होऊन हातात येते.

त्याने मशीन चालू केलं. एक. दोन. तीन. पाटी खाचांतून बिनतक्रार सरकत होती. चार. हात थरथरत होते आणि पाटीला त्याचं काही नव्हतं. पाच.

गळालेली पट्टी त्याने उचलली. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. हुबेहूब तशी. जणू गोणीतूनच काढली होती.

त्याला हसू आलं, फार वाईट हसू. एक, दोन, तीन, चार, वर्षानुवर्षं आपण फळी फिरवत राहतो आणि सगळं सरळ दिसतं.

मोकळं टोक कागदाच्या जाडीएवढं पुढे घ्यायचं होतं. त्याने वहीचा एक कागद फाडला, पट्टीमागे घातला, शिकंजा ढिला केला, सरकवलं, आवळला. स्क्रू पिळताना पेचकस तीनदा खाचेतून निसटला. चौथ्यांदा त्याने उजवा हात डाव्या हाताने धरला आणि मग पिळला. पुन्हा पाच काप. पुन्हा पट्टी. जाडी मोजायचा व्हर्निअर लावायला त्याने पट्टी टेबलावर ठेवली, हातात धरून वाचता येत नव्हतं. एक टोक. दुसरं टोक. त्याने डोळे पुसून पुन्हा वाचलं.

सारखी.

केसाचाही फरक नव्हता. इतका सरळ काप त्याने त्याच्या चांगल्या दिवसांतही मारला नसता कदाचित. त्याने वाट पाहिली, आता काहीतरी वाटेल, आनंद नाही तर निदान सुटल्यासारखं, सकाळपासून ह्याच क्षणासाठी तर… काही आलं नाही. काप सरळ आला होता. मी मारला नव्हता. ज्याला उभं राहता येतं आणि ढकलता येतं त्याने कुणीही मारला असता. बेकरीवाल्याने मारला असता. ते दुसरं अर्धं वाक्य, "मी अजून सुतारच आहे", आता कुणाला ऐकवणार? जिला ऐकवायचं ती अकरा महिने त्याच्या तिरक्या तुकड्यांतून त्याला सुतार ठेवत आली होती. तो पाटीशी उभा राहिला, दोन्ही तळवे पाटीवर टेकवून, आणि पाटी त्याच्याबरोबर बारीक खडखडत राहिली. संपलं आहे, त्याने स्वतःला सांगितलं. असं स्वच्छ शब्दांत त्याने ते पहिल्यांदाच सांगितलं होतं. सांगूनही तो तिथेच उभा होता आणि चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आज गेला नाहीत?"

ती दारात होती. केस मागे घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत, आणि काखेत स्टुलाचे चार पाय, काल त्याने कापलेले. त्याला बघून तिने ते पाय हळूच पाठीमागे घेतले. "घासायला नेत होते," ती म्हणाली. घासायची खोली तिच्या मागे होती, आणि ती निघाली होती पुढे.

"हे केलं," तो म्हणाला.

ती जवळ आली. पाय भिंतीला टेकवून ठेवले, पाटीवरून हात फिरवला, मागच्या पट्टीशी वाकून एक डोळा मिटला. असं बघायला तिला कुणी शिकवलं? "हाच ना तो तुमचा पांगुळगाडा? नावं ठेवायचात की त्याला."

"ठेवायचो."

"छान झालाय."

"चालवून बघ."

"इश्श, मला कुठे येतंय?"

"शिकवतो." आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "सोपं आहे. ये, अशी उभी राहा. लाकूड इथे टेकवायचं. घाई नाही करायची."

ती उभी राहिली, थोडी अवघडून, शिकायला आलेलं माणूस उभं राहतं तशी. सोंग चांगलं होतं. लाकूड तिने मुद्दाम वाकडं टेकवलं आणि त्याने ते सरळ केलं, आणि "हां, असं होय," असं ती म्हणाली. मग तिचा डावा हात टेबलाखाली गेला. बटण टेबलाच्या पायामागे होतं, वर ओढायचं, कुणालाही सापडायचं नाही, वीजवाला मागे एकदा बॅटरी घेऊन शोधत बसला होता. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. बटण ओढलं गेलं, मशीन घुमायला लागलं आणि तिला कळलं. हात तसाच टेबलाखाली राहिला. त्याने पात्याकडे बघितलं. तिनेही पात्याकडेच बघितलं.

मशीनच्या आवाजात काहीच बोलता येत नसतं, हे किती बरं असतं.

तिने पाटी ढकलली. एका दमात, न थबकता, शेवटच्या शिलकांसारखी. तो तिचे हात बघत होता आणि त्याच्या मनात आलं, उस्ताद असते तर काही बोलले नसते… आणि मग त्याला तिचा अंगठा दिसला. पट्टीवरून मागे वळलेला, डावा, त्यावर पांढरी तिरकी खूण, आणि तो नेमका तिथे होता जिथे आता—

"थांब!"

त्याने वाकून बटण दाबलं. पातं फिरत फिरत मंदावलं, पट्टीतून दोन बोटं बाहेर येऊन थांबलं. अंगठा तिथून चार बोटांवर होता.

"अहो, लागत नाही," ती म्हणाली, "मी नेहमी…"

आणि तिने अंगठा मुठीत घेतला.

"ठोकळा राहिलाय," तो म्हणाला. "इथे, मागे. अंगठ्यासाठी. मी लावला नव्हता."

त्याने लाकडाच्या ढिगातून एक जाड तुकडा निवडला, पाटीवर ठेवून दोन काप मारले, आणि डिंकाची बाटली घेतली. रेघ पुन्हा नागमोडी झाली. ह्या वेळी ती बघत होती. त्याने लपवलं नाही. लपवायला कुठलाच हात मोकळा नव्हता. ठोकळा पट्टीमागे जिथे बसायला हवा तिथे त्याला नेता येईना, तो इकडे तिकडे नाचत राहिला, आणि मग तिचा हात त्याच्या हातावर आला आणि दोघांचे हात मिळून ठोकळा जागेवर बसला. तिने हात काढला नाही. त्याच्या हाताबरोबर आता तिचाही थरथरत होता.

"किती वेळ धरायचं?"

"धरेपर्यंत."

विचारायला हवं होतं. कधी कळलं तुला? अंगठा किती कापला होता? रडलीस का, कुठे बसून? आणि सांगायला हवं होतं, नाव पाठ केलेलं नाही त्या आजाराचं, स्क्रूच्या डब्यातलं. ते सगळं त्याच्या तोंडाशी होतं आणि एकही शब्द सरळ निघाला नसता. उद्या ह्या टेबलाशी कोण उभं राहणार हे दोघांनाही माहीत होतं. तीस वर्षांचा नियम मोडला होता आणि तो तिनेच मोडला हे बरं झालं, असं त्याला वाटलं, आणि हे बरं झालं असं वाटणंच त्याला सहन होईना. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. डिंक कडेने पांढरा बाहेर आला होता, तो तिने नखाने निरपून काढला.

"उद्या हे स्टुलाचे पाय घ्यायचेत," ती ठोकळ्याकडे बघत म्हणाली. "खुणा तुम्ही करून ठेवा. तुमच्यासारख्या बारीक खुणा मला नाही जमत."

पुन्हा तो चहाचा कपच, अर्धाच भरलेला. तेवढाच, सांडणार नाही इतका. त्याला कळलं, आणि आपल्याला कळलंय हे तिलाही कळलं असेल, असं त्याला तिच्या मानेवरून वाटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि मोकळ्या हाताने कानावरची पेन्सिल चाचपली. होती.